उघडे पोर्ट: होस्टिंग सर्व्हरवर कोण ऐकतंय ते आधी शोधा, फायरवॉल नंतर लावा

सर्व्हर भाड्याने घेतला, वेबसाइट चढवली, ब्राउझरमध्ये पान उघडलं, की बहुतेकांचा हात तिथेच थांबतो. पान ज्या दारातून बाहेर आलं ते दार सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच भिंतीत आणखी किती दारं, म्हणजे पोर्ट, सताड उघडी राहिली, हे बघायला कोणी मागे वळत नाही. ‘माझ्या एवढ्याशा साइटकडे कोण लक्ष देणार’ असा त्यामागचा हिशोब असतो आणि तो साफ चुकतो. इंटरनेटवर मशीन ओळखायच्या आयपीव्ही४ पद्धतीचे एकूण पत्ते ४२९ कोटींच्या घरात आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन मांडलं. गिगाबिट जोडणी असलेल्या एकाच मशीनवरून, जवळपास या सगळ्या पत्त्यांवरचा एक पोर्ट त्यांनी पाऊण तासाच्या आत तपासून दाखवला. त्यामुळे तुमचा सर्व्हर कोणाला मुद्दाम निवडावा लागत नाही. सगळ्यांची झडती चालूच असते, त्यात त्याचाही नंबर लागतो.

पोर्टचा विषय निघाला की लोक थेट फायरवॉलकडे, म्हणजे नको ती जोडणी अडवणाऱ्या पहाऱ्याकडे, धावतात. माझा क्रम वेगळा आहे. आधी सर्व्हरच्या आतून पाहायचं, मग बाहेरून, मग नको असलेले प्रोग्राम गप्प करायचे आणि उरलेल्यांसाठी फायरवॉल लावायची. ज्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही, तिथे फायरवॉलचा नियम चुकला तरी फारसं बिघडत नाही. उलट, नको ते सगळं चालू ठेवून फक्त फायरवॉलच्या भरवशावर बसलात, तर एक चुकीची ओळ पुरते.

खालच्या कमांड मी तोंडाने म्हणतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. उदाहरणं लिनक्स सर्व्हरची आहेत, कारण होस्टिंगमध्ये तुमची गाठ बहुधा त्याच्याशीच पडेल.

‘उघडा’ म्हणजे नेमकं काय

पोर्ट म्हणजे नुसता आकडा, ० ते ६५५३५ मधला. त्यातले १०२३ पर्यंतचे ठरलेल्या सेवांचे मानले जातात आणि लिनक्सवर ते वापरायला एरवी रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. टीसीपी आणि यूडीपी या माहिती नेण्याच्या दोन पद्धती. त्यांचे आकडे सारखे दिसले तरी पोर्ट वेगळे. टीसीपी ४४३ आणि यूडीपी ४४३ ही दोन स्वतंत्र दारं आहेत.

आकडा स्वतःहून उघडा किंवा बंद नसतो. एखादा प्रोग्राम त्या आकड्यावर कान लावून बसला की तो उघडा झाला. बाहेरून टीसीपीचं दार ठोठावलं, म्हणजे जोडणी मागणारं सिन पाकीट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवलं, की तीनपैकी एक गोष्ट घडते. होकाराचं सिन-ॲक परत आलं तर पोर्ट उघडा. नकाराचं आरएसटी आलं तर बंद: मशीन जागं आहे, पण तिथे ऐकणारं कोणी नाही. काहीच आलं नाही, तर मध्ये कोणीतरी पाकीट गिळतंय, बहुधा फायरवॉल. हा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढे बिघाड शोधताना अर्धं काम यावरच होतं. ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ लगेच आलं तर प्रोग्राम चालू आहे का ते बघायचं. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर फायरवॉलकडे वळायचं. फायरवॉल नकार कळवणारी असेल तर तीही ‘रिफ्युज्ड’ दाखवू शकते, पण होस्टिंगमध्ये पाकीट गुपचूप टाकून देणारीच जास्त भेटते.

यूडीपीत असा हात मिळवण्याचा प्रकार नाही. बंद पोर्टवरून आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कच्या अडचणी कळवणाऱ्या पद्धतीचा, ‘इथे कोणी नाही’ असा निरोप येतो, पण उघडा पोर्ट कित्येकदा मौनच पाळतो. म्हणून यूडीपीची तपासणी संथ चालते आणि निकालही धूसर येतो.

आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो पत्ता. प्रोग्राम १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर त्याच्यापर्यंत फक्त त्याच मशीनवरचे प्रोग्राम पोहोचतात. ०.०.०.० म्हणजे मशीनचे सगळे आयपीव्ही४ पत्ते. आणि [::] दिसलं तर आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचे सगळे. लिनक्सवर बहुतेकदा त्यातच आयपीव्ही४ सुद्धा येतं. डेटाबेस चालू असणं हा प्रश्न नाही. तो कोणत्या पत्त्यावर ऐकतोय, हा आहे.

पहिली पायरी: आतून पाहा

सर्व्हरवर लॉगिन करून ‘सुडो एसएस -टीयूएलपीएन’ चालवा. टी आणि यू म्हणजे टीसीपी व यूडीपी, एल म्हणजे फक्त ऐकणारे, पी म्हणजे प्रोग्रामचं नाव, एन म्हणजे नावांऐवजी आकडे दाखव. सुडो म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालव. ते विसरलात तर इतर वापरकर्त्यांच्या प्रोग्रामची नावं रिकामी येतील आणि तुम्ही उगाच घाबराल. जुन्या लेखांत नेटस्टॅट दिसेल. तेही चालतं, पण नव्या वितरणांवर ते बऱ्याचदा बसवलेलंच नसतं.

यादी आली की प्रत्येक ओळीसाठी दोनच प्रश्न विचारा: हा प्रोग्राम कोणाचा आणि तो बाहेरच्या पत्त्यावर का ऐकतोय? उत्तरं कागदावर किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा. ‘माहीत नाही’ हेही उत्तर लिहा. पुढच्या कामाची खरी यादी त्याच ओळींतून निघते.

काही ओळी पाहून दचकू नका. १२७.०.०.५३ वर ५३ दिसला तर तो सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड, नावं शोधून देणारा घरचाच माणूस. यूडीपी ६८ म्हणजे सर्व्हर आपला आयपी डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप, घेतोय. ३२३ वर क्रोनी असतो, घड्याळ जुळवणारा, आणि तो लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच मशीनपुरता, बसलेला असतो. १११ वर आरपीसीबाइंड सगळ्या पत्त्यांवर दिसला आणि तुम्ही एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायची सोय) वापरत नसाल, तर मात्र तो जायलाच हवा. रेड हॅट कुळातल्या सर्व्हरवर ९०९० म्हणजे कॉकपिट हा वेब पॅनेल. तो तुम्ही बसवल्याचं आठवत नसेल तर विचारपूस करा. मायएसक्यूएल ८ बसवल्यावर ३३०६ शेजारी ३३०६० दिसतो आणि लोक त्याला घुसखोर समजतात. तो मायएसक्यूएलचाच एक्स प्रोटोकॉल आहे. पण तोही लोकलहोस्टवरच आहे ना, हे बघाच, कारण त्याची पत्त्याची सेटिंग वेगळी असते.

कधी प्रोग्रामच्या जागी नुसतं सिस्टमडी, म्हणजे सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचं नाव, लिहिलेलं येतं. अशा वेळी पोर्ट सिस्टमडीने धरून ठेवलेला असतो आणि कोणी आलं की तो खरा प्रोग्राम जागा करतो. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स’ चालवलं की त्यामागचा मालक कळतो.

दुसरी पायरी: बाहेरून पाहा

आतली यादी अर्धीच गोष्ट सांगते. मध्ये होस्टिंग कंपनीची फायरवॉल आहे, तुमची आहे, कदाचित राउटरही आहे. म्हणून दुसऱ्या नेटवर्कवरच्या मशीनवरून एनमॅप हे पोर्ट तपासायचं साधन चालवायचं. त्याच सर्व्हरवरून स्वतःचाच सार्वजनिक आयपी तपासला तर पाकिटं बाहेर जातच नाहीत आणि निकाल फसवा येतो.

एनमॅप १९९७ मध्ये आलं आणि आजही या कामाला त्याच्या तोडीचं साधन क्वचितच सापडेल. पण नुसतं ‘एनमॅप’ आणि पत्ता एवढंच दिलं तर ते नेहमीचे १००० पोर्टच पाहतं. तुमचा विसरलेला चाचणी प्रोग्राम ४८३१२ वर असेल तर तो त्यात येणार नाही. म्हणून ‘-पी-’ जोडा, म्हणजे १ पासून ६५५३५ पर्यंत सगळे तपासले जातात. सर्व्हर पिंगला उत्तर देत नसेल तर ‘-पीएन’ द्या, नाहीतर एनमॅप तो मेलेला समजून सोडून देतं. ‘-एसव्ही’ दिलं तर पोर्टमागे कोणता प्रोग्राम आणि कोणती आवृत्ती आहे याचा अंदाज मिळतो. यूडीपीसाठी ‘-एसयू’ आहे, पण सगळे पोर्ट तपासायला जाऊ नका, दिवस मोडेल. ५३, १२३, १६१ आणि ११२११ असे मोजके बघा. फक्त स्वतःच्या किंवा परवानगी मिळालेल्या सर्व्हरवरच हे करायचं. परक्याचं दार ठोठावणं अनेक ठिकाणी नियमांत बसत नाही आणि होस्टिंग कंपन्याही तक्रार आली की खातं थांबवतात.

इथे दोन फसवणुकी हमखास होतात.

पहिली सीडीएनची, म्हणजे साइट आणि वाचक यांच्या मध्ये बसणाऱ्या सेवेची. तुमचं डोमेन क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे असेल आणि तुम्ही डोमेनचं नाव तपासलं, तर ८०, ४४३, २०८३, २०८७, ८४४३ असे बरेच पोर्ट उघडे दिसतील. ते तुमच्या सर्व्हरचे नव्हेत. क्लाउडफ्लेअर स्वतःच्या टोकावर ते पोर्ट स्वीकारतं, म्हणून ते तसे दिसतात. कित्येक जण हा निकाल घेऊन होस्टिंगवाल्याशी भांडायला जातात. तपासणी नेहमी मूळ सर्व्हरच्या आयपीवर करा.

दुसरी आयपीव्ही६ ची, आणि ती मला स्वतःला भोवली आहे. एका सर्व्हरवर आयपीव्ही४ ची फायरवॉल मी मोठ्या काळजीने लावली होती, एनमॅपचा निकालही स्वच्छ होता. कित्येक महिन्यांनी सहज ‘-६’ लावून आयपीव्ही६ पत्ता तपासला, तर डेटाबेस जगाला नमस्कार करत बसलेला. नियम सगळे आयपीव्ही४ च्या आयपीटेबल्समध्ये होते आणि आयपीव्ही६ ची आयपी६टेबल्स कोरी. काही गेलं नाही हे नशीब, माझी हुशारी नव्हे. तेव्हापासून दोन्ही पत्ते तपासल्याशिवाय मी तपासणी झाली असं म्हणत नाही.

तिसरी पायरी: कोणाला राहू द्यायचं

साध्या वेब सर्व्हरला जगासाठी ८० आणि ४४३ एवढेच लागतात. ‘आता सगळं एचटीटीपीएस आहे, मग ८० कशाला’ म्हणून तो बंद करणारे भेटतात. नका करू. पत्ता नुसता टाइप करणारे आणि जुन्या दुव्यांवरून येणारे अजूनही ८० वर येऊ शकतात आणि तिथून त्यांना ४४३ कडे वळवायचं असतं. शिवाय एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी-०१ पडताळणी ८० वरूनच होते. तो बंद केला की काही आठवड्यांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण गुपचूप अडतं आणि तोवर आपण काय बदललं होतं हे कोणाला आठवत नाही. एचटीटीपी/३ चालवत असाल तर यूडीपी ४४३ सुद्धा उघडा लागतो. तो विसरला तर साइट चालते, फक्त जुन्या आवृत्तीवर.

मेलचा गुंता जास्त आहे. २५ हा सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचा पोर्ट. तुमच्या सर्व्हरवर मेल उतरत असेल तर तो उघडा हवाच. लोकांनी आपल्या मेल प्रोग्राममधून पाठवायचं असेल तर ४६५ किंवा ५८७, वाचायचं असेल तर आयमॅपसाठी ९९३ आणि पॉप३ साठी ९९५. ११० आणि १४३ हे जुने पोर्ट बिनकुलुपाचं बोलणंही चालवून घेऊ शकतात. सगळे ग्राहक ९९३ वर आले असतील तर ते बंद करा. मेल दुसऱ्याच सेवेकडे असेल आणि सर्व्हरला फक्त सूचनांचे मेल पाठवायचे असतील, तर पोस्टफिक्स या मेल प्रोग्रामने बाहेर ऐकायचं कारणच नाही. त्याच्या ‘आयनेट-इंटरफेसेस’ सेटिंगला ‘लूपबॅक-ओन्ली’ द्या, विषय संपला. आणि मेल जातच नाहीत अशी अडचण असेल, तर तुमचे उघडे पोर्ट बघत बसू नका. बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा २५ मुळातच अडवून ठेवतात.

५३ फक्त तेव्हाच, जेव्हा तुमचा सर्व्हर स्वतः नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे पत्ते सांगणारा, आहे. असला तरी तो आपल्या डोमेनबद्दलच उत्तर देतोय, वाटेल त्याला वाटेल ते शोधून देत नाही, याची खात्री करा. असा खुला रिझॉल्व्हर दुसऱ्यावर हल्ला करण्याचं आयतं हत्यार ठरतो.

२१ म्हणजे एफटीपी, फाइली चढवायची जुनी पद्धत. त्याला मी सरळ निरोप देतो. साधं एफटीपी पासवर्ड उघड्यावर पाठवतं, शिवाय पॅसिव्ह पद्धतीसाठी पोर्टची आख्खी पट्टी उघडी ठेवावी लागते. सीपॅनेल या होस्टिंग पॅनेलवर ती मुळात ४९१५२ ते ६५५३४ अशी असते. तिच्या जागी एसएफटीपी वापरा. ते एसएसएचच्या, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या, २२ वरूनच चालतं आणि नेहमीचे फाइल पाठवणारे प्रोग्राम ते जाणतात.

पॅनेलचे पोर्ट ओळखीचे असू द्या. सीपॅनेल २०८२ आणि सुरक्षित २०८३, डब्ल्यूएचएम २०८६ आणि २०८७, वेबमेल २०९५ आणि २०९६, प्लेस्क ८४४३, डायरेक्टॲडमिन २२२२, वेबमिन १००००. जोड्यांतला बिनकुलुपाचा पोर्ट बंद केला तरी चालतं. डब्ल्यूएचएम आणि वेबमिन म्हणजे रूटचंच दार. ते मोजक्या आयपींपुरतं ठेवा.

उरले डेटाबेस आणि कॅश, आणि सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, रेडिस ६३७९, मेमकॅश्ड ११२११, मोंगोडीबी २७०१७, इलॅस्टिकसर्च ९२००, डॉकरचं बिनकुलुपाचं नियंत्रण २३७५, पीएचपी-एफपीएम ९०००. यांतला एकही इंटरनेटवर दिसता कामा नये. अपवाद शोधत बसू नका. २०१७ च्या सुरुवातीला बिनपासवर्डचे हजारो मोंगोडीबी पुसून त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. तो ज्या मशीनवरून परावर्तित झाला ती यूडीपी ११२११ उघडा ठेवून बसलेल्या मेमकॅश्डची होती. त्यांच्या मालकांनी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, फक्त एक सेटिंग पाहिली नव्हती. पीएचपी-एफपीएमबद्दल लोक बेफिकीर असतात, म्हणून वेगळं सांगतो: तो पोर्ट बाहेरून गाठता आला तर येणारा माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा पीएचपी कोड चालवू शकतो.

चौथी पायरी: ऐकणाऱ्याला आवरा

जी सेवा वापरातच नाही ती ‘सिस्टमसीटीएल डिसेबल --नाउ’ ने थांबवा. याने ती आत्ताही थांबते आणि रीस्टार्टनंतरही उठत नाही. नुसतं ‘स्टॉप’ केलं तर पुढच्या रीबूटला ती परत हजर. सॉकेटवरून जागी होणारी सेवा असेल तर तिचं सॉकेटही बंद करावं लागतं, नाहीतर एखादं पाकीट आलं की ती पुन्हा उठून बसते.

जी लागते पण आतल्या आतच, तिचा पत्ता बदला. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत ‘बाइंड-ॲड्रेस’, रेडिसमध्ये ‘बाइंड’, पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन-ॲड्रेसेस’, मेमकॅश्डमध्ये ‘-एल’. सगळीकडे १२७.०.०.१ द्या, सेवा रीस्टार्ट करा आणि एसएस पुन्हा चालवा. सेटिंग बदलली पण रीस्टार्ट राहिलं, किंवा बदल एका फाइलीत केला आणि दुसरी फाइल तो खोडून काढतेय, असं वरचेवर घडतं. फाइलीत काय लिहिलंय याला माझ्या लेखी किंमत नाही, एसएस काय दाखवतं याला आहे. डेटाबेस आणि साइट एकाच मशीनवर असतील तर युनिक्स सॉकेट, म्हणजे पोर्टऐवजी फाइलीतून बोलायची सोय, वापरा. मग पोर्टचाच प्रश्न मिटतो.

‘पण मला माझ्या लॅपटॉपवरून डेटाबेस उघडायचा असतो.’ बरोबर, आणि त्यासाठी ३३०६ जगाला उघडायची गरज नाही. एसएसएचला ‘-एल ३३०७:१२७.०.०.१:३३०६’ देऊन सर्व्हरला जोडा. मग लॅपटॉपवरचा प्रोग्राम आपल्याच १२७.०.०.१ च्या ३३०७ ला जोडला की बोगद्यातून थेट सर्व्हरच्या डेटाबेसपर्यंत पोहोचतो. बहुतेक डेटाबेस प्रोग्राममध्ये यासाठी तयार रकाना असतो. पॅनेलमधल्या ‘रिमोट मायएसक्यूएल’ मध्ये सोय म्हणून टक्क्याचं चिन्ह, म्हणजे ‘कुठूनही या’, टाकणाऱ्यांनी हे आवर्जून करून बघावं.

डॉकर वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबा. ‘-पी ३३०६:३३०६’ लिहून कंटेनर उठवला की डॉकर स्वतःच आयपीटेबल्समध्ये वाट काढतो. ती पाकिटं फॉरवर्डच्या साखळीतून जातात, तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नेहमीचे नियम इनपुटच्या साखळीत बसलेले असतात. त्यामुळे यूएफडब्ल्यू ‘३३०६ बंद’ म्हणत राहतं आणि पोर्ट जगाला उघडा राहतो. उपाय सोपा आहे: ‘-पी १२७.०.०.१:३३०६:३३०६’ लिहा. कंटेनर एकमेकांशीच बोलणार असतील तर पोर्ट बाहेर काढूच नका, डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर ते नावाने एकमेकांना सापडतात.

पाचवी पायरी: आता फायरवॉल

उबंटू-डेबियनवर यूएफडब्ल्यू सोपी. क्रम मात्र मोडायचा नाही. आधी ‘यूएफडब्ल्यू अलाउ २२/टीसीपी’, किंवा तुमचा एसएसएच ज्या पोर्टवर असेल तो. मग ८० आणि ४४३. मग ‘डिफॉल्ट डिनाय इनकमिंग’ आणि ‘डिफॉल्ट अलाउ आउटगोइंग’. शेवटी ‘एनेबल’. पहिली आणि शेवटची पायरी उलटली की आपणच घराबाहेर, आणि मग कंपनीच्या वेब कन्सोलवरून आत शिरायची कसरत. म्हणून दूरच्या सर्व्हरवर हात घालण्याआधी टीमक्सच्या, म्हणजे जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या, एका खिडकीत ‘स्लीप ३००’ आणि त्यापुढे ‘यूएफडब्ल्यू डिसेबल’ अशी ओळ रूट म्हणून चालू करून ठेवतो. सगळं नीट झालं तर ती रद्द करायची. चुकलं तर पाच मिनिटांत फायरवॉल आपोआप उतरते. पहिलं लॉगिन चालू ठेवूनच दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय का ते बघा. चालू जोडणी नव्या नियमांनंतरही टिकून राहते, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

रेड हॅट कुळात फायरवॉलडी असते. तिथे ‘--पर्मनंट’ न लावता केलेला बदल रीलोडपर्यंतच जगतो. लोक याला कटकट म्हणतात, मला ती सोय वाटते. आधी तात्पुरता बदल करून बघायचा, ‘--टाइमआउट’ लावला तर तो ठरल्या वेळेनंतर स्वतःच निघून जातो, आणि जमलं की ‘--रनटाइम-टू-पर्मनंट’.

क्लाउडवर सर्व्हरबाहेर आणखी एक फायरवॉल असते, तिला बहुधा सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. दोन्ही ठेवा. बाहेरची फायरवॉल सर्व्हर फुटला तरी शाबूत राहते आणि डॉकरच्या वरच्या खोडीलाही ती दाद देत नाही. सीडीएन वापरत असाल तर ८० आणि ४४३ फक्त सीडीएनच्या पत्त्यांना उघडे ठेवा, नाहीतर मूळ आयपी सापडलेला माणूस सीडीएनला वळसा घालून आत येतो.

आयसीएमपी सरसकट अडवू नका. पिंग दिसत नाही याचा फायदा नगण्य आणि पाकिटाचा आकार ठरवणारे निरोप अडले की काही लोकांना साइट अर्धवट उघडते. आयपीव्ही६ तर त्याशिवाय चालतच नाही.

बावीस नंबरचं काय

एसएसएच लिहिणाऱ्या टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये २२ मागून घेतला, कारण एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला तो मोकळा होता. आज या पोर्टवर दिवसरात्र पासवर्डचा भडिमार चालतो. पोर्ट बदलला तर लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही. सगळे पोर्ट तपासणाऱ्याला तो सापडतोच. बदलणारच असाल तर १०२४ च्या खालचा एखादा मोकळा घ्या. वरचा घेतला आणि एसएसएच कधी कोसळला, तर सर्व्हरवरचा कोणताही साधा वापरकर्ता त्या पोर्टवर स्वतःचा प्रोग्राम बसवू शकतो. २२२२ तर टाळाच, डायरेक्टॲडमिन असेल तर भांडण ठरलेलं. सेलिनक्स हा लिनक्सचा जादा पहारा चालू असेल तर त्याला नवा पोर्ट आधी कळवावा लागतो. उबंटू २२.१० पासून पोर्ट सिस्टमडीच्या सॉकेटकडे असतो, त्यामुळे फक्त एसएसएच सेवा रीस्टार्ट करून जुनाच पोर्ट दिसत राहिला तर नवल नको.

खरं काम करतात त्या गोष्टी दुसऱ्याच. किल्लीने लॉगिन, ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’, रूटला थेट प्रवेश नाही, आणि जमल्यास फक्त ठरलेल्या आयपींना परवानगी. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये लॉगिनआधीच गाठता येणारी एक गंभीर चूक उघड झाली. तेव्हा ज्यांचा २२ मोजक्या आयपींपुरता होता, त्यांना अपडेट शांतपणे करता आलं. तुमचा आयपी सारखा बदलत असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा आणि एसएसएच त्याच्या आत घ्या. वायरगार्डचा यूडीपी पोर्ट, नेहमीचा ५१८२०, किल्ली न ओळखलेल्या पाकिटाला उत्तरच देत नाही, त्यामुळे तपासणीत तो दिसतही नाही.

शेअर्ड होस्टिंगवर असाल तर

यातलं जवळजवळ काहीच तुमच्या हातात नाही. त्या आयपीवर अनेकांच्या साइट आहेत आणि त्यावरचे एफटीपी, मेल, पॅनेलचे पोर्ट सगळ्यांसाठी उघडे असतात. एखाद्या तपासणी सेवेने लांबलचक यादी पाठवली तरी त्यातला प्रत्येक पोर्ट म्हणजे दोष नव्हे. बाहेरून ३३०६ उघडा दिसला तर मात्र कंपनीला विचारा. स्वतःपुरतं एवढं करता येतं: एफटीपीऐवजी एसएफटीपी, पॅनेल नेहमी २०८३ वरून, मेल ९९३ आणि ४६५ वरून, आणि रिमोट मायएसक्यूएलची यादी रिकामी.

बदल झाल्यावर आणि त्यानंतर

सगळं झालं की एनमॅप पुन्हा, दोन्ही पत्त्यांवर. साइट उघडत नसेल तर आतून बाहेर या. सर्व्हरवरच कर्ल या पान मागवणाऱ्या कमांडने १२७.०.०.१ ला विचारा. तिथेही उत्तर नाही तर वेब सर्व्हर पडलाय, फायरवॉलला दोष देऊ नका. तिथे उत्तर आहे पण बाहेरून ‘रिफ्युज्ड’ येतंय, तर प्रोग्राम फक्त लोकलहोस्टवर ऐकतोय का ते एसएसमध्ये बघा. बाहेरून ‘टाइम्ड आउट’ येत असेल तर आधी सर्व्हरची फायरवॉल, मग क्लाउडची. तिथेही अडलं तर येणारी पाकिटं दाखवणारं टीसीपीडंप लावून पाकीट सर्व्हरपर्यंत येतंय का ते पाहा. आलंच नाही तर अडथळा बाहेर आहे. कधीकधी तो तुमच्याच इंटरनेट जोडणीत असतो, म्हणून दुसऱ्या नेटवर्कवरून एकदा बघाच.

मग एसएसची आजची यादी एका फाइलीत साठवा. प्रोग्रामचे क्रमांक दर वेळी बदलतात, म्हणून ‘-पी’ काढून फक्त पत्ता आणि पोर्ट ठेवा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला रोज नवी यादी काढून, फरक दाखवणाऱ्या डिफने जुनीशी ताडायला सांगा आणि फरक असेल तरच मेल पाठवायला लावा. पहिले काही दिवस हा मेल वरचेवर येईल, कारण क्षणभर ऐकून जाणारे प्रोग्रामही त्यात सापडतात. त्यांना गाळणी लावा. नंतर तो मेल आला, की बहुतेकदा कोणीतरी पॅकेज अपडेट करताना नवी सेवा उठवलेली असते, किंवा चाचणीसाठी ३००० वर चढवलेला नोडचा प्रोग्राम संध्याकाळी बंद करायचा राहिलेला असतो. बहुतेकदा तो कोणीतरी मीच असतो.